झाकली मूठ कुणासाठी?

मुलांनो, उमरठ हे नाव तुम्ही ऐकलं असेलच. चौथीच्या इतिहासात नरवीर तानाजी मालुसऱ्यांचा धडा आहे ना, त्यांचं हे गाव. पोलादपूरहून आत डोंगरांच्या कुशीत शिरलं की लागतं. तिथं तानाजींची समाधी आहे, पुतळा आहे. मी त्याच गावची. त्यामुळे शिक्षिका म्हणून ज्या ज्या शाळेत गेले, तिथं चौथीच्या वर्गात माझा भाव एकदम वधारायचा! "बाई, तुम्ही खरंच तानाजीच्या गावच्या?" असं विचारून पोरं माझ्याकडे अशी बघायची, की जणू मीच घोरपड लावून कोंढाणा चढून आलेय.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. शाळेचं नाव सांगत नाही, गावाचंही नाही. काही तपशील मुद्दाम बदलले आहेत. का, ते पुढं कळेल. त्या दिवशी तानाजींचा धडा रंगात आला होता. ४ फेब्रुवारी १६७० ची ती रात्र, तो कडा, ती लढाई. तानाजी पडले, मावळे मागं फिरले, दोर कापले गेले, गड आला. धडा संपला, तेव्हा वर्ग अगदी चिडीचूप होता. तेवढ्यात मागच्या बस्करावरच्या एका मुलानं हात वर केला.

"बाई, रायबानं ते बघितलं का?"

रायबा म्हणजे तानाजींचा मुलगा, ज्याचं लग्न ठरलं होतं तो. मला प्रश्नच कळेना. "काय बघितलं का?"

"ते... त्याच्या वडलांना मारत होते ते."

"नाही रे, तो तिकडं गडावर कुठला? तो घरी होता."

"बरं झालं," तो म्हणाला आणि खाली बसला.

मुलं हसली. खरं सांगायचं तर मीही हसले. प्रश्न विसरूनही गेले.

पुढं एक दिवस पोषण आहाराची खिचडी शिजवणाऱ्या मावशी मला म्हणाल्या, "बाई, साडेदहाची शाळा आणि हे पोर आठ वाजल्यापासून पायरीवर बसलेलं असतं, रोज." मग मी त्याच्याकडे जरा लक्ष देऊ लागले. तो वर्गात पेंगायचा. कुणाच्या हातून डबा खाली पडून मोठा आवाज झाला, की सगळे हसायचे आणि हा दोन्ही हात कानावर घ्यायचा. शनिवारी सकाळची शाळा सुटली, की बाकीची पोरं धूम ठोकायची. हा मात्र फळा पुसायचा, खडू गोळा करायचा, पुन्हा फळा पुसायचा. अंगावर कुठं वळ नाही, खरचटलेलं नाही. त्याला कुणी मारत नव्हतं. पण घरात त्याच्या आईला मार बसत होता आणि तो हे रोज बघत होता.

हे कळल्यावर मी काय केलं असेल? चूक केली. मोठी चूक. त्याचे वडील रस्त्यात भेटले, तेव्हा त्यांना गाठून मी चांगलं पाच मिनिटं सुनावलं. "घरात असं वागू नका, मुलावर परिणाम होतो," वगैरे वगैरे. ते मान खाली घालून ऐकून गेले. मला वाटलं, चला, काम झालं. त्या रात्री घरात काय झालं असेल, ते तुम्ही ओळखलंच असेल. शाळेत कुणी सांगितलं, हा एकच प्रश्न त्या घरात विचारला गेला. मुलगा दोन दिवस शाळेत आला नाही. तिसऱ्या दिवशी आला, पण त्यानंतर कितीतरी दिवस माझ्याशी बोलला नाही. बोलला असता तरी काय बोलणार? त्यानं विश्वासानं दिलेली गोष्ट मी नेमकी चुकीच्या माणसाच्या हातात दिली होती.

त्यानंतर मी कायद्याचं पुस्तक आणलं. डी. एड. करताना आम्हाला बालमानसशास्त्र शिकवतात, पाठ टाचण शिकवतात. पण असं मूल पुढ्यात आलं तर कुणाला कळवायचं, हे आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. तेव्हा वाचून, विचारून जे कळलं, ते आज तुम्हाला सांगते. आईबाबांनीही सोबत बसून वाचलं तर फार बरं.

पहिली गोष्ट. "मार तर आईला बसतो, मुलाला कुठं कुणी हात लावला?" असं पुष्कळ जण म्हणतात. मुलं बघत नसतात, झोपलेली असतात, असंही म्हणतात. मुलांनो, तुम्हाला ठाऊक आहे की आपण झोपलेले नसतो. गोधडी डोक्यावरून ओढून घेतली तरी कान उघडेच राहतात. भिंतीपलीकडून ऐकू येतं. आणि ऐकू आलं नाही तरी सकाळी फुटलेली कपबशी दिसते, आईनं पदराखाली झाकलेला हात दिसतो. मग पोट दुखू लागतं, झोप उडते, काहींना अंथरुणात शू होऊ लागते, पाठ केलेलं आठवत नाही. कुणी अगदी गप्प होतं, तर कुणी शाळेत येऊन लहान मुलांना मारू लागतं. अगदी तान्हं बाळसुद्धा मोठ्या आवाजानं दचकतं, दूध पीत नाही. हे काही त्या मुलांचे दुर्गुण नव्हेत, बरं का. ती भीती असते, आणि ती अशी अंगातून बाहेर पडते.

हे एखाद्याच घरात घडतं, असंही समजू नका. सरकार दर काही वर्षांनी देशभर राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण करतं. २०१९ ते २०२१ च्या सर्वेक्षणात लग्न झालेल्या बायकांपैकी सुमारे २९ टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचं सांगितलं. म्हणजे दहा जणींमागे जवळजवळ तिघी. दारू पिणाऱ्या घरांतच हे होतं असं नाही, गरीब घरांतच होतं असंही नाही. मोटारी असलेल्या, दारावर मोठ्या पदव्यांची पाटी असलेल्या घरांतही होतं. तुमच्या वर्गात चाळीस मुलं असतील, तर तुमच्या शेजारी बसणाऱ्या एखाद्याच्या पोटात हे दडलेलं असू शकतं. तो सांगत नाही, कारण आपल्याकडे लहानपणापासून शिकवतात, झाकली मूठ सव्वा लाखाची! घरातलं बाहेर नेऊ नये. मी म्हणते, मुठीत सोनं असेल तर झाका. पण मुठीत निखारा असेल तर? हात कुणाचा भाजतोय, ते तर बघाल?

आता कायदा. घरात होणाऱ्या मारहाणीसाठी आपल्या देशात एक खास कायदा आहे. नाव लांबलचक आहे: 'कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५'. तो संसदेनं २००५ साली केला आणि २६ ऑक्टोबर २००६ पासून देशात लागू झाला. नावात 'महिला' असलं तरी मुलांचा विचार त्यात आहे. मूल म्हणजे १८ वर्षांखालील कुणीही. मग ते दत्तक असो, सावत्र असो की सांभाळायला घेतलेलं असो. हिंसा म्हणजे केवळ थप्पड नव्हे, हेही कायद्यानं सांगितलंय. शरीराला नको तसा त्रास देणं, सतत घालूनपाडून बोलणं, धमकावणं, मुलगा झाला नाही म्हणून टोचणं, घरखर्चाला पैसे न देणं, तिचे दागिने परस्पर विकणं, हे सगळं त्यात येतं.

या कायद्यातलं मला सर्वांत आवडणारं कलम म्हणजे चौथं. ते सांगतं, की एखाद्या घरात अशी हिंसा झाली आहे, होत आहे किंवा होण्याचा संभव आहे, असं ज्याला वाटतं अशी कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते. कोणतीही! त्या बाईनंच गेलं पाहिजे, असं नाही. शेजारीण, आशाताई, अंगणवाडीच्या ताई, शिक्षक, कुणीही. आणि चांगल्या हेतूनं कळवणाऱ्यावर त्याबद्दल दिवाणी किंवा फौजदारी ठपका ठेवता येत नाही. मी रस्त्यात त्या गृहस्थांना गाठण्याऐवजी हेच करायला हवं होतं.

संरक्षण अधिकारी हा सरकारनं नेमलेला माणूस. तो त्या बाईशी बोलून घडल्या प्रकाराचा अहवाल तयार करतो, दवाखान्यात न्यायचं असेल तर नेण्याची व्यवस्था करतो, राहायला जागा नसेल तर निवारागृह शोधतो, वकील नसेल तर मोफत वकील मिळवून देतो. (स्त्रिया आणि मुलं यांना मोफत वकील मिळण्याचा हक्क १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानं दिलेला आहे. त्यासाठी उत्पन्नाची अट नाही.) मग अर्ज जातो न्यायदंडाधिकाऱ्यांपुढं. अर्ज आल्यापासून साधारण ३ दिवसांत पहिली तारीख द्यावी आणि तिथून ६० दिवसांत निकाल लावण्याचा प्रयत्न करावा, असं कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा लांबतात, हेही तुमच्यापासून लपवत नाही. पण धोका मोठा असेल तर न्यायदंडाधिकारी निकालाची वाट न बघता लगेच तात्पुरता आदेश देऊ शकतात.

वर्गात मी हे एकदा सांगितलं, तेव्हा एका मुलीनं विचारलं, "म्हणजे बाबांना तुरुंगात टाकणार?" तिचा चेहरा बघून कळलं, की सगळ्या मुलांचा खरा प्रश्न हाच असतो. आईला मार बसू नये असं तर वाटतं, पण बाबाही हवे असतात. मी सांगितलं तर घर मोडेल आणि ते माझ्यामुळे, असं वाटतं. मुलांनो, हा विचार कुणाच्याही मनात येईल. त्यात लाजण्यासारखं काही नाही.

तर उत्तर असं. हा कायदा आधी तुरुंगाकडे जात नाही, आधी 'थांबा' म्हणतो. न्यायदंडाधिकारी संरक्षण आदेश देतात: यापुढं हिंसा करायची नाही, तिला त्रास द्यायचा नाही, मुलांना किंवा तिला मदत करणाऱ्यांनाही इजा करायची नाही. त्रास एखाद्या मुलीलाच होत असेल, तर तिच्या शाळेत किंवा ती जिथं नेहमी जाते तिथं यायलाही मनाई करता येते. दुसरा आदेश घराचा. घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असलं, तरी तिथं राहण्याचा तिला हक्क आहे. तिला हाकलून देता येत नाही. तिसरा खर्चाचा, त्यात मुलांचाही खर्च धरला जातो. चौथा तुमच्यासाठी फार महत्त्वाचा, तो ताब्याचा. मुलं तूर्त कुणाजवळ राहतील, हे ठरवून देता येतं. वडिलांनी मुलांना कधी, कुठं भेटायचं, तेही ठरवता येतं. पण त्या भेटीनं मुलाचं नुकसान होईल असं न्यायदंडाधिकाऱ्यांना वाटलं, तर त्यांनी भेट नाकारलीच पाहिजे, असं कायद्यात लिहिलंय. आणि संरक्षण आदेश मोडला तर मात्र एक वर्षापर्यंत तुरुंगवास, २० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. म्हणजे तुरुंगाचं दार आहे, पण ते न ऐकणाऱ्यासाठी. मारहाण फार गंभीर असेल तर पोलिसांचे वेगळे कायदे आहेतच.

आणखी एक सांगते. तुम्ही सांगितल्यामुळे घर मोडत नाही. ज्यानं हात उगारला, त्यानं ते आधीच मोडायला घेतलेलं असतं.

मग दुसऱ्या एकानं विचारलं, "बाई, मला पोलीस ठाण्यात बोलावतील का? कोर्टात उभं करतील?" सिनेमातलं कोर्ट त्याच्या डोळ्यापुढं असणार! तो मोठा पिंजरा, ते ओरडणारे वकील. ऐका तर. साक्षीदार म्हणून चौकशी करायची असली, तरी पोलिसांना १५ वर्षांखालच्या मुलाला आणि कुठल्याही वयाच्या मुलीला ठाण्यात बोलावता येत नाही. पोलिसांनी त्यांच्या घरी जाऊन विचारायचं असतं. पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे होतं आणि १ जुलै २०२४ पासून आलेल्या नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. घरीच जर मारणारा माणूस असेल, तर मुलानं विश्वासातल्या मोठ्या माणसाला सोबत बसायला सांगावं.

कौटुंबिक हिंसाचाराच्या अर्जाची सुनावणी बंद दाराआडही घेता येते, बघ्यांना आत येऊ दिलं जात नाही. बहुतेक वेळा मुलाला तिथं जावंच लागत नाही. पण मोठा खटला असेल आणि मुलानं पाहिलेलं फार महत्त्वाचं असेल, तर साक्ष द्यावी लागते. तेव्हा न्यायाधीश आधी साध्या गप्पा मारतात. नाव काय, शाळा कुठली, खरं बोलणं म्हणजे काय. १२ वर्षांखालच्या मुलाला शपथेचा अर्थ कळत नसेल तर शपथेवाचूनही त्याचं ऐकून घेतात. खरं बोलायचं असतं एवढं कळलं म्हणजे पुरे. २०१७ साली आणि पुन्हा २०२२ च्या जानेवारीत, आपल्या महाराष्ट्रातूनच दिल्लीला गेलेल्या खटल्यांमध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं, की लहान मुलांसारख्या नाजूक साक्षीदारांसाठी न्यायालयात वेगळी खोली हवी. तिथं मुलाला आरोपीचं तोंड बघावं लागू नये, खेळणी असावीत, सोबतीला माणूस असावा. अशा खोल्या आता हळूहळू होताहेत. प्रत्येक तालुक्यापर्यंत त्या पोचायला वेळ लागेल.

लहान मुलांचं खरं कोण मानणार, असं कुणी म्हणालं तर एक उदाहरण सांगा. मध्य प्रदेशात २००३ साली एका घरात आईचा जीव गेला. तिच्या सात वर्षांच्या मुलीनं ते पाहिलं होतं. वरच्या न्यायालयात तिचं म्हणणं मानलं गेलं नाही. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तिची साक्ष खरी धरली आणि स्पष्ट सांगितलं, की साक्षीदार होण्याला किमान वयाची अट नाही. मूल लहान आहे एवढ्याच कारणानं त्याचं म्हणणं टाकून देता येत नाही. मात्र मुलाला कुणी पढवलेलं तर नाही ना, हे नीट पारखून घ्यायचं. म्हणून पालकांनो, मुलांना 'असं असं सांग' म्हणून शिकवू नका. त्यानं खरी गोष्टसुद्धा खोटी ठरते.

नावाचं काय? पेपरात छापून आलं तर? २०१५ च्या बाल न्याय कायद्यात याची सोय आहे. अशा प्रकरणातल्या मुलाचं नाव, पत्ता, शाळा, फोटो, काहीच छापायला परवानगी नाही. मी सुरुवातीला शाळेचं नाव का सांगितलं नाही, ते आता कळलं ना? याच कायद्याच्या ७५ व्या कलमात असंही आहे, की मूल ज्याच्या ताब्यात आहे त्यानं त्याचा छळ केला, हेळसांड केली आणि त्याला शरीराचा किंवा मनाचा विनाकारण त्रास झाला, तर तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. 'मनाचा' हा शब्द लक्षात ठेवा.

पण खरं सांगायचं तर आपला कायदा इथं थोडा अडखळतो. आईला मारताना पाहिलेलं मूल हेसुद्धा हिंसेचं बळीच आहे, असं साधं सरळ वाक्य आपल्या कायद्यात अजून नाही. न्यूझीलंडनं १९९५ सालीच कायद्यात लिहिलं, की मुलाला अशी हिंसा बघायला किंवा ऐकायला लावणं हाच मुलाचा मानसिक छळ आहे. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०२१ च्या कायद्यानं असं बघणाऱ्या, ऐकणाऱ्या मुलांना स्वतंत्र पीडित मानलं. आपल्याकडे मूल आईच्या अर्जाचं बोट धरून आत जातं. आईनं अर्जच केला नाही, तर ते दाराबाहेर उभं राहतं. अशा वेळी बाल न्याय कायद्याखाली नेमलेली जिल्ह्याची बाल कल्याण समिती मदतीला येऊ शकते. तरीही ते एक वाक्य आपल्या कायद्यात यायला हवं, असं मला फार वाटतं.

बरं, एवढे कायदे झाले. रात्री नऊ वाजता घरात भांडण सुरू झालं तर करायचं काय? सर्वांत आधी, मध्ये पडायचं नाही. आई ओरडत असते, आपल्याला राहवत नाही, हे मला कळतं. पण तुम्ही मध्ये गेलात तर तुम्हालाही लागेल, आणि आई स्वतःला सोडून तुम्हाला वाचवायला धावेल. धाकट्या भावंडाला घ्या आणि बाहेर पडा. कुठल्या घरी जायचं, हे भांडण नसतानाच ठरवून ठेवा. शेजारची काकू असेल, पोलीस पाटील असतील, आजी असेल. जीवाला धोका वाटला तर ११२ ला फोन लावा. आणि तुमच्या मनातलं सांगायचं असेल, सल्ला हवा असेल, तर १०९८.

हा १०९८ क्रमांक कसा लक्षात ठेवायचा, सांगू? उलटे अंक मोजा: दहा, नऊ, आठ. झालं! तो सुरू झाला आपल्या मुंबईत. १९९६ च्या जूनमध्ये टाटा समाजविज्ञान संस्थेतल्या जेरू बिलिमोरिया यांनी रस्त्यावर राहणाऱ्या मुलांसाठी तो सुरू केला आणि पुढं तो देशभर गेला. २०२३ पासून सरकारनं तो थेट स्वतःकडे घेतला आणि ११२ शी जोडला. दिवसरात्र चालू असतो, पैसे पडत नाहीत. फोन घेणारे विचारतील: वय किती, आत्ता सुरक्षित आहेस का, जवळ कोण आहे. घाबरून बोलता आलं नाही तर फोन ठेवून पुन्हा लावा, कुणी रागावत नाही. आईसाठी वेगळा क्रमांक आहे, १८१. याच टाटा संस्थेनं १९८४ साली मुंबईत पोलीस आयुक्तालयाच्या आवारातच महिला व मुलांसाठी विशेष कक्ष उघडला होता. मार खाऊन आलेल्या बाईशी पोलीस ठाण्यात कुणीतरी खाली बसून, शांतपणे बोलावं, एवढी साधी कल्पना! पुढं राज्यभर असे कक्ष निघाले.

फोन नसेल तर बाई आहेत, गुरुजी आहेत. एकदा सांगून उपयोग झाला नाही, तर दुसऱ्याला सांगा. माझ्यासारखी चूक करणारेही भेटतात. ही चहाडी नव्हे. चहाडी दुसऱ्याला मार बसावा म्हणून करतात.

आता त्या मुलाचं पुढं काय झालं ते सांगते. माझ्या चुकीनंतर मी आणि आशाताई, वडील कामाला गेलेले बघून, त्याच्या आईला भेटलो. पहिल्या भेटीत ती म्हणाली, "घरोघरी मातीच्या चुली." दुसऱ्या भेटीत काहीच बोलली नाही. तिसऱ्या भेटीत तिनं विचारलं, "पोराची शाळा बुडंल का?" सगळं अडलं होतं ते याच प्रश्नापाशी. वर्षाच्या मध्यात माहेरी गेलं तर पोराला कोण घेणार, दाखला आणायला कोण जाणार, ही तिला काळजी.

इथं मात्र मला उत्तर ठाऊक होतं, कारण हे खातं आमचं! २००९ चा शिक्षणहक्क कायदा सांगतो, की सरकारी आणि अनुदानित शाळेत आठवीपर्यंतच्या मुलाला शाळा बदलण्याचा हक्क आहे. मुख्याध्यापकांनी दाखला ताबडतोब द्यायचा. आणि दाखला यायला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश लांबवू शकत नाही, नाकारू शकत नाही. दाखला मागाहून येतो, मूल आधी वर्गात बसतं. पालकांनो, हे पाठच करून ठेवा. कित्येक आया केवळ या कागदापायी मार खात राहतात.

मी संरक्षण अधिकाऱ्यांना कळवलं. त्या येऊन तिच्याशी बोलल्या, अहवाल झाला, अर्ज झाला. ती मुलाला घेऊन माहेरी गेली. दुसऱ्याच दिवशी तो तिथल्या शाळेत चौथीत बसला. दाखला नंतर पोस्टानं गेला. संरक्षण आदेश मिळायला ठरल्यापेक्षा पुष्कळच जास्त दिवस लागले, पण मिळाला. वडिलांना महिन्यातून दोनदा, आजोबांच्या समोर भेटायला मिळतं. पहिल्या भेटीला तो गेला नाही. नंतर जाऊ लागला. वडील खाऊ आणतात, तो घेतो. सगळं गोड झालं, असं मी म्हणणार नाही. आई शेतावर राबते, खर्चाचे पैसे कधी येतात, कधी येत नाहीत. मोठा आवाज झाला की तो अजून दचकतो म्हणे.

मध्ये त्याच्या नव्या बाईंशी फोनवर बोलणं झालं. मी म्हटलं, "कसं आहे आमचं पोर?" त्या वैतागून म्हणाल्या, "हुशार आहे हो, पण रोज उशीर! घंटा होऊन जाते, प्रार्थना होते, मग हे महाशय डोळे चोळत येतात. घरून निघवतच नाही त्याला."